सहा दोऱ्या आणि एक वीरगळ

मागच्या वर्षी मार्चमध्ये मी अंधेरीतल्या एका तिरंदाजीच्या वर्गाला जायला लागलो. कारण फार थोर नव्हतं. दिवसभर स्क्रीनकडे बघून डोळ्यांचं वाटोळं झालं होतं आणि डॉक्टरांनी ‘लांबचं काहीतरी बघत जा’ असं सांगितलं होतं. अठरा मीटरवरचं टार्गेट हे माझ्या पगारात बसणारं लांबचं.

तिसऱ्या आठवड्यात माझ्या हातातली दोरी तुटली. फटाका वाजावा तसा आवाज झाला आणि धनुष्याचे दोन्ही हात सरळ होऊन थरथरत राहिले. मला वाटलं, आता सहा-सात हजारांचा भुर्दंड. सरांनी खिशातून दुसरी दोरी काढली, दोन मिनिटांत चढवली आणि म्हणाले, “घाबरू नकोस. दोरी कन्झ्युमेबल आयटम आहे. प्रिंटरच्या शाईसारखी.”

ती दोरी डॅक्रॉनची होती. डॅक्रॉन म्हणजे पॉलिएस्टर, आपल्या शाळेच्या गणवेशाच्या पँटमधलं. आणखी भारी धनुष्यांना डायनीमा नावाच्या प्लॅस्टिकची दोरी लावतात, जे वजनाच्या मानाने पोलादाला लाजवतं. साताऱ्याच्या आदिती स्वामीने २०२३ साली बर्लिनला सतराव्या वर्षी जागतिक विजेतेपद मिळवलं, त्या कंपाउंड प्रकारात अशाच आधुनिक धाग्यांच्या दोऱ्या वापरतात. हे सगळं गेल्या सत्तर-पंचाहत्तर वर्षांतलं. दुसऱ्या महायुद्धाआधी युरोपात दोरी म्हटलं की जवसाच्या धाग्याची, म्हणजे लिननची.

लोकलमध्ये घरी येताना प्रश्न पडला: मग आपल्याकडे कशाची होती?

हा प्रश्न मी त्याच आठवड्यात विसरलो असतो. पण रविवारी एका मित्राकडे बोरिवलीला गेलो होतो आणि तो म्हणाला, चल, तुला खरे धनुर्धारी दाखवतो. मेट्रोच्या २ए मार्गावर एकसर नावाचं स्टेशन आहे. ते ज्या गावाच्या नावावरून पडलं, त्या एकसरला इमारतींच्या गर्दीत वीरगळ उभे आहेत. वीरगळ म्हणजे लढाईत पडलेल्या माणसाच्या आठवणीत उभा केलेला कोरीव दगड. महाराष्ट्रात गावोगाव असतात, पण बहुतेक कमरेएवढे. एकसरचे मोठे वीरगळ दहा फुटांच्या आसपास उंच, आणि त्यातल्या काहींवर चक्क आरमारी लढाई कोरलेली आहे. जहाजं, डोलकाठ्या, वल्ह्यांच्या ओळी.

१८८२ साली निघालेल्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटिअरात असे सहा दगड नोंदवले आहेत आणि प्रत्येकावरची चित्रं पट्टीपट्टीने वर्णन केली आहेत. लढाई कोणती यावर अभ्यासकांचं एकमत नाही. बरेच जण ती शिलाहारांचा शेवटचा राजा सोमेश्वर आणि देवगिरीचा महादेव यादव यांच्यातली मानतात, म्हणजे १२६५च्या सुमाराची. त्या लढाईत सोमेश्वर समुद्रात बुडून मेला. काही जण हे दगड आणखी जुने ठरवतात. मला त्या वादात पडायचं नाही. माझं लक्ष पहिल्या दगडाच्या वर्णनावर अडकलं होतं. त्यातल्या एका पट्टीत दोन तलवारवाले पाठ दाखवून पळत आहेत, आणि मागे राहिलेला एकटा धनुर्धारी भाले-तलवारी घेतलेल्या सहा जणांसमोर उभा आहे. बाकीच्या पट्ट्यांमध्ये तो मरतो, अप्सरा त्याला घेऊन जातात, शिवलोक वगैरे. पण या पट्टीत तो अजून जिवंत आहे.

मी मोबाइलचा टॉर्च तिरका धरून बघितलं. धनुष्याची कमान अंदाजाने ओळखता येते. दोरी काही मला सापडली नाही. दगड झिजला आहे, शिल्पकाराने ती कोरली असली तरी पावसाने कधीच नेली असणार. आणि खरी दोरी तर काय, कापूस, कातडं, गवत, जे काही असेल ते कोकणच्या हवेत दोन-चार वर्षं टिकलं तरी खूप. बाणाची लोखंडी टोकं उत्खननात सापडतात. दोरी सापडत नाही. म्हणून ती शब्दांत शोधावी लागते.

शब्दांत ती पटकन सापडते, हे आश्चर्य. म्हैसूरच्या प्राच्य ग्रंथालयात १९०५ साली आर. शामशास्त्रींच्या हाती ताडपत्रांचं एक बाड आलं आणि हरवलेलं समजलेलं कौटिल्याचं अर्थशास्त्र जगासमोर आलं. १९०९ साली ते छापलं गेलं. त्यात आयुधागाराच्या अधिकाऱ्यासाठी एक प्रकरण आहे, अगदी स्टोअरकीपरला द्यावी तशी यादी. त्यात धनुष्यं कशाची करायची ते सांगितलं आहे आणि लगेच दोऱ्या कशाच्या तेही: मूर्वा, अर्क, शण, गवेधू, वेणू आणि स्नायू. सहा वस्तू, सहा शब्द. ना कौतुक, ना पुराणकथा. मला ही यादी फार आवडली. कोणीतरी कधीतरी बसून बाकीचं सगळं नाकारलं असणार, तेव्हा ही सहा नावं उरली.

अर्क म्हणजे रुई. शण म्हणजे ताग, ज्याला आपण गोणपाटावरून ओळखतो त्या ज्यूटचा नव्हे तर हिरवळीचं खत म्हणून शेतात गाडतात तो ताग. गवेधू हे एक गवत, बहुधा आपल्याकडची कसई, जिच्या टणक बियांच्या माळा करतात. वेणू म्हणजे बांबू. स्नायू म्हणजे जनावराच्या पायाच्या आणि पाठीच्या शिरा. आणि यादीत पहिली असलेली मूर्वा म्हणजे काय?

इथे मला माझ्या धंद्यातला जुना ताप भेटला: एकाच नावाचे अनेक व्हेरिएबल. महाराष्ट्रात काही वैद्य मूर्वा म्हणून मोरवेल देतात. आयुर्वेदाच्या सरकारी औषधकोशात मूर्वा म्हणजे मार्सडेनिया नावाची वेल. तिच्याबद्दल विल्यम रॉक्सबर्गने लिहून ठेवलं आहे. हा १७९३ पासून कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाचा प्रमुख होता. राजमहालच्या डोंगरातले लोक या वेलीच्या धाग्याच्या धनुष्याच्या दोऱ्या करतात, असं त्याने नोंदवलं. आणि आणखी एक दावेदार म्हणजे जाड, उभ्या, तलवारीसारख्या पानांची एक वनस्पती, मराठीत घोणसफण. तिचं शास्त्रीय नाव रॉक्सबर्गच्याच नावावरून ठेवलं आहे आणि या सगळ्या कुळाला इंग्रजीत म्हणतातच मुळी ‘बोस्ट्रिंग हेम्प’, धनुष्याच्या दोरीचा ताग.

हे वाचून मी मान वर केली तर समोर, ऑफिसच्या खिडकीत, स्नेक प्लँटची कुंडी. तुमच्याही ऑफिसात असेल. हवा शुद्ध करतं म्हणून एचआरवाले आणतात आणि कोणी पाणी घालत नाही तरी जगतं ते. ते आफ्रिकेतलं आहे, पण घोणसफणीचं सख्खं चुलत भावंड. मी एक पान घरी आणलं. (एचआरला सांगू नका.) पाटावर ठेवून चमच्याच्या कडेने घासलं. हिरवा गर निघून गेला आणि खाली पांढरे, लांब, केसासारखे धागे उरले. दहा मिनिटांचं काम. बोटाला गुंडाळून ओढले तर बोट कापलं, धागा तुटला नाही.

मूर्वेपासून केलेली ती मौर्वी. संस्कृतात मौर्वी म्हणजे धनुष्याची दोरीच. आपण ज्याला ‘मुंज’ म्हणतो तो शब्द मुंज गवताच्या मेखलेवरून आला, हे बऱ्याच जणांना माहीत असतं. मनुस्मृतीत पुढे असंही आहे की ब्राह्मणाच्या मुलाच्या कमरेला मुंज, क्षत्रियाच्या मुलाला मूर्वेची धनुष्यदोरी आणि वैश्याच्या मुलाला तागाचा धागा. म्हणजे कौटिल्याच्या यादीतल्या दोन वस्तू इथे जातीचा बिल्ला झाल्या आहेत. वेल रानातून आणणाऱ्या, पान घासून धागा काढणाऱ्या माणसाच्या कमरेला काय बांधायचं, ते त्या श्लोकात नाही.

एक आडवळण घेतो, कारण ते घेतल्याशिवाय मला राहवत नाही. मराठी माध्यमात शिकलेल्यांना दहावीच्या भूमितीतली ‘जीवा’ आठवत असेल, वर्तुळावरचे दोन बिंदू जोडणारी रेघ. जीवा म्हणजे ज्या, म्हणजे धनुष्याची दोरी. वर्तुळाचा तुकडा हे धनुष्य, म्हणून त्याला चाप. आर्यभटाने ४९९ साली अर्ध्या ज्येचं कोष्टक दिलं. अरबांनी ‘जीवा’चं ‘जिबा’ केलं. अरबीत स्वर लिहीत नाहीत, म्हणून पुढे कोणीतरी ते ‘जैब’ वाचलं, जैब म्हणजे कपड्याचा घोळ. बाराव्या शतकात लॅटिनमध्ये भाषांतर करणाऱ्यांनी त्या घोळाचं ‘सायनस’ केलं. त्याचा साइन झाला. मी रोज ॲनिमेशनच्या कोडमध्ये जे साइन फंक्शन टाकतो, ती मुळात मूर्वेची दोरी आहे. दगडावर टिकली नाही, पण गणितात टिकली.

असो. परत दोरीकडे.

दोरीने करायचं काय असतं? ताणलेल्या धनुष्यातली ताकद बाणाला द्यायची आणि शेवटच्या क्षणी धनुष्याच्या दोन्ही हातांना करकचून थांबवायचं. त्यामुळे तिच्याकडून परस्परविरोधी मागण्या असतात. ती मजबूत हवी. पारंपरिक धनुष्य बनवणारे साधारण चौपट ताकदीची धरतात, म्हणजे वीस किलोच्या धनुष्याला निदान ऐंशी किलो पेलणारी. मजबुतीसाठी जाड करावी, तर वजन वाढतं, आणि दोरीच्या वजनाचा साधारण एक तृतीयांश भाग बाणाच्या वजनात मिळवल्यासारखा होतो. दोरी जड, तर बाण मंद. ती ताणली जाऊ नये, कारण ताणण्यात गेलेली ताकद बाणाला मिळत नाही. पण अगदीच ताणली गेली नाही तर लाकडी धनुष्याला असा झटका बसतो की ते तडकतं. शिवाय बाणाच्या खाचेत रोज घासून ती झिजू नये. या सगळ्यानंतर पाऊस.

शिरा आणि तात हे जनावराचे धागे कोरड्या हवेत उत्तम. मध्य आशियातल्या, इराणातल्या धनुष्यांचा सगळा डोलारा शिरा, शिंग आणि सरस यांवर उभा होता. पण भिजले की ते मऊ होऊन लांबतात. सारंगी वाजवणाऱ्यांना विचारा. त्यांच्या तारा तातीच्या असतात आणि जुलैत सूर लावता लावता त्यांचा जीव जातो. रेशीमही ओलं झालं की थोडं कमजोर होतं. ताग, जवस, कापूस या वनस्पतींच्या धाग्यांचं उलट आहे. भिजले की ते कमजोर होत नाहीत, उलट किंचित जास्त वजन पेलतात. कुजतात मात्र. म्हणजे त्या दिवशीची लढाई निभते, पुढच्या मोसमाची खात्री नाही. पावसाने दोरी बिघडणं ही काही फक्त आपली अडचण नव्हती. १३४६ साली फ्रान्समध्ये क्रेसीच्या लढाईआधी सर पडली तेव्हा इंग्रज धनुर्धाऱ्यांनी दोऱ्या काढून शिरस्त्राणाखाली, डोक्यावर ठेवल्या, असं एका फ्रेंच इतिवृत्तकाराने लिहिलं आहे. समोरच्या जिनोआच्या लोकांना त्यांच्या जड यांत्रिक धनुष्यांच्या दोऱ्या अशा झटपट काढता येत नव्हत्या. महाभारतात पांडव अज्ञातवासात जाताना शस्त्रं शमीवर ठेवतात, ती गोष्ट आपण दर दसऱ्याला ऐकतो. पण विराटपर्वात त्याआधी ते एकेका धनुष्याची दोरी उतरवतात, हा तपशील गोष्टीतून गळला आहे. वर्षभर चढवून ठेवलेलं धनुष्य वाकूनच राहील, हे सांगणाऱ्याला माहीत होतं.

धनुर्वेद म्हणून जो मजकूर आज मिळतो आणि ज्याचा बराच भाग १३६३च्या शार्ङ्गधरपद्धतीतही आहे, त्यात दोरीची यादी आणखी लांबते. उत्तम म्हणजे रेशमाची, तीन पदरी, करंगळीएवढी जाड, मध्ये गाठ नसलेली. रेशीम नसेल तर हरणाच्या किंवा म्हशीच्या शिरा. नाहीतर नुकत्याच मारलेल्या बकऱ्याची तात. पिकलेल्या बांबूची साल, वरून रेशमाने गुंडाळलेली. आणि मग एक सूचना, जी वाचून मी सरळ बसलो: रुईची साल चांगली ती भाद्रपदात काढलेली.

सगळा ग्रंथ कोण्या पंडिताने एकत्र केला असेल, पण हे एक वाक्य पंडिताचं नाही. पावसाळाभर रुई सरळ, रसरशीत वाढते. भाद्रपदात तिच्या नव्या फांद्या लांब आणि बिनफाट्याच्या असतात. हे कळायला दरवर्षी रुई तोडावी लागते.

रुई तर काय, शोधावी लागत नाही. शनिवारी मारुतीच्या देवळाबाहेर तिच्या पानांच्या माळा मिळतात आणि मुलुंडच्या पूर्वेला, मिठागरांच्या बाजूला, ती मोकाट उगवते. मागच्या भाद्रपदात गणपती झाल्यावर मी कोयता घेऊन गेलो. तुम्ही जाणार असाल तर चष्मा आणि हातमोजे घाला. रुईचा चीक डोळ्यांत गेला तर गंमत राहत नाही. कमरेएवढ्या फांद्या आणल्या, बाल्कनीत दोन दिवस सुकवल्या, मग साल सोलली. सालीच्या आतल्या बाजूला रेशमासारखे बारीक, चमकदार धागे असतात. ते हाताने वेगळे करत बसलो. एका फांदीतून जेमतेम चिमूटभर. चार संध्याकाळी गेल्या.

आता वळायचं होतं. यूट्यूबवर बघून मी दोन पेड घेतले, दोन्ही उजवीकडे पिळले, एकत्र केले आणि पुन्हा उजवीकडे पिळले. हात सोडला की सगळं उलगडून जायचं. आजी सोफ्यावर बसून हे बघत होती. आजी कुडाळकडची. तिचे वडील काथ्याचे सुंभ वळायचे आणि ती स्वतः सत्तर वर्षं मांडीवर वाती वळत आली आहे.

“काय करतंस रे ह्यां?” तिने विचारलं. मी सांगितलं, धनुष्याची दोरी. तिला त्यात काही विशेष वाटलं नाही. “दोनय पेड एकाच बाजूक वळलंस तर सुटतलेच,” ती म्हणाली आणि ते माझ्या हातातून घेतले. प्रत्येक पेड उजवीकडे, दोघांना एकमेकांवर डावीकडे. पेड उलगडायला बघतो त्या दिशेनेच दोरी घट्ट होते. दोन विरुद्ध पीळ एकमेकांना धरून ठेवतात. आणि धागा संपायच्या आधीच नवीन धागा मध्ये घालायचा, पण दोन्ही पेडांत एकाच जागी नाही, नाहीतर तिथे दोरी हलकी पडते. ग्रंथात ‘गाठ नसलेली’ म्हटलं आहे ते कसं करायचं, हे मला ग्रंथातून कळलं नव्हतं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, ही म्हण मी शाळेत वाक्यात उपयोग करून लिहिली होती. पीळ म्हणजे काय ते मला अठ्ठाविसाव्या वर्षी समजलं.

अडीच तासांत आजीने हातभर दोरी केली. माझी त्याच वेळात वीतभर झाली आणि तीही कुठे जाड, कुठे बारीक.

तातीसाठी मला एक पिंजारी शोधावा लागला. घाटकोपरला लहानपणी मामाकडे असताना खालून टण्‌टण् आवाज यायचा, गाद्या पिंजणारा आला म्हणून. त्याच्या खांद्यावरचं ते लाकडी अवजार म्हणजेही एक धनुष्यच, आणि त्याची दोरी म्हणजे तात, बकऱ्याच्या आतड्याची. आता मशिनी आल्या. गादीच्या एका दुकानात एका चाचांनी माळ्यावरून जुनं धनुष्य काढून दाखवलं आणि तातीचा एक तुकडा दिला, पैसे घेतले नाहीत. मी तो रात्रभर पाण्यात ठेवला. सकाळी तो शेवयासारखा लिबलिबीत आणि बोटभर लांब झालेला. रुईची दोरी तशीच ठेवली होती. तिला पाण्याच्या चार मोठ्या बाटल्या टांगल्या, तिने काही तक्रार केली नाही.

राहिला बांबू. मला यादीतला हाच शब्द अविश्वसनीय वाटत होता. बांबूचं धनुष्य ठीक, पण दोरी? ती वाकणार कशी? पण सातपुड्यात, नंदुरबारच्या अक्कलकुवा-धडगाव भागात, भिल्लांच्या कमठ्याला आजही बांबूचीच दोरी असते. पिकलेल्या बांबूची फक्त बाहेरची साल काढतात, कारण त्यातच तंतू सगळ्यात दाट असतात. ती बोटाच्या रुंदीहून कमी अशी तासून पातळ करतात आणि दोन्ही टोकांना सुतळीने कमठ्याला बांधतात. पीळ नाही, पेड नाहीत, मेण नाही. ताणली जात नाही, तुटली तर बांबू समोर उभाच आहे. कौटिल्याच्या आयुधागारातला हा एक शब्द तिथे वापरात आहे आणि वापरणाऱ्यांनी कौटिल्य वाचलेला नाही.

सातपुडा लांब आहे, म्हणून मी जवळ विचारलं. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत आदिवासींचे पाडे आहेत. मित्राच्या ओळखीने तिथल्या एका काकांना भेटलो. सत्तरीच्या पुढचे असतील. मी माझी रुईची दोरी दाखवली. त्यांनी ती दोन बोटांत धरून फिरवली, उलगडून बघितली, पुन्हा वळली.

“ही बाईमाणसाने वळलीय,” ते म्हणाले. मी हो म्हटलं.

त्यांच्या वडिलांचा कमठा होता. दोरी बांबूच्या सालीची. ते बोलता बोलता कोयत्याने हवेत साल काढून दाखवत होते, मनगट कसं फिरतं ते. मी विचारलं, खरंच एक करून दाखवाल? ते हसले. “बांबू तोडला तर गार्ड धरेल. कमठा केला तर पोलीस धरेल. आणि तुझं काय, तू फोटो काढून जाशील.”

ते अतिशयोक्ती करत नव्हते. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ‘शस्त्र’ या शब्दाची व्याख्या आहे आणि तीत बंदुका, स्फोटकं, विष आणि सापळ्यांच्या रांगेत धनुष्यबाणही आहे. परवानगीशिवाय तो घेऊन अभयारण्यात किंवा राष्ट्रीय उद्यानात शिरता येत नाही. यांची घरंच आत आहेत. त्याआधी १८७८ साली इंग्रजांनी हत्यारांचा कायदा केला, त्यातही तलवारी-भाल्यांसोबत धनुष्यबाण लिहिलेला आहे. म्हणजे ज्या सरकारने १८८२च्या गॅझेटिअरात एकसरच्या धनुर्धाऱ्याचं इतकं बारीक वर्णन छापलं, त्याच सरकारने चार वर्षं आधी धनुष्याला हत्यारांच्या यादीत टाकलं होतं. त्याही आधी, १८२५ साली, जेम्स औट्रमने खानदेशात भिल्ल पलटण उभी केली आणि कमठेवाल्यांच्या हाती बंदुका दिल्या, त्यांच्याच लोकांना काबूत ठेवण्यासाठी.

मला १९७२च्या कायद्यावर सरळ टीकाही करता येत नाही. मुलुंडला आमच्या मागच्या डोंगरात बिबटे आहेत आणि ते असावेत असं मला वाटतं. कॅमेरा ट्रॅपचे फोटो मी स्वतः फॉरवर्ड करतो. बिबटे राहिले त्यात या कायद्याचा वाटा आहे. पण दोरी ही वस्तू अशी आहे की ती जपून ठेवता येत नाही. तलवार संग्रहालयात ठेवली की तीनशे वर्षांनी तलवारच असते. दोरी वर्ष-दोन वर्षांत मरते आणि तिच्या जागी कोणीतरी नवीन वळावी लागते. ती वळणारा हात एक पिढी थांबला की संपलं. काकांचा मुलगा उद्यानाबाहेर रिक्षा चालवतो. त्याला हवेतलं ते मनगटही येत नाही.

मी फोटो काढला नाही. काढायला हवा होता असं नंतर वाटलं.

घरी जाण्याआधी पुन्हा एकसरला गेलो. पहिल्यांदा आलो तेव्हा मला वाटलं होतं की शिलाहारांच्या जहाजावरचा धनुर्धारी म्हणजे रेशमी दोरी, ग्रंथातली उत्तम. आता मी पैज लावीन ती ताग किंवा रुईवर. कोकण किनारा, खारी हवा, वल्ह्यांचे तुषार, आणि शेकडो माणसांना रोजच्या रोज दोऱ्या पुरवायच्या. अशा ठिकाणी भिजल्यावर लांबणारी शीर कोण लावेल? जी किनाऱ्यावर उगवते, जी भिजली तरी धरते आणि जी वळायला आजीसारखे हात गावोगाव आहेत, तीच दोरी असणार. ती पुरवणाऱ्यांसाठी कोणी दगड उभा केला नाही. सहा जणांसमोर उभ्या त्या माणसाचा सगळा भरवसा मात्र त्या दोरीवर होता.

तिरंदाजीचा वर्ग मी जूनमध्ये सोडला. रिलीज आला आणि तीन आठवडे ऑफिसातच गेले, नंतर जाणं झालं नाही. डोळे अजून दुखतात. रुईची दोरी वर्षभर बाल्कनीतल्या खिळ्याला लटकत होती. पावसाळ्यात तिला थोडी बुरशी आली, ती मी कपड्याने पुसली आणि वर मेण चोळलं.

या वर्षी गणपतीला गावी जायची तयारी चालू असताना दोरी खिळ्यावर दिसेना. आजीला विचारलं. तिने ती पिशवीत भरली होती, माटवीला नारळ बांधायला. सुंभ आता बाजारात बरा मिळत नाही म्हणाली. चतुर्थीला मी वर बघितलं तर गणपतीच्या डोक्यावर, कवंडाळ आणि सुपाऱ्यांच्या मध्ये, एक नारळ त्या दोरीला लटकत होता. आजीने टोकाचा माझा वीतभर भाग कापून टाकला होता आणि फक्त तिचा ठेवला होता.